शेपूट असलेला ठिपका

माझ्या डोक्याबद्दल मी लोकांचं पुष्कळ ऐकून घेतलं आहे. पोटाबद्दल घेतलं आहे, हस्ताक्षराबद्दल तर थेट सासऱ्यांकडून घेतलं आहे. पण उजव्या डोळ्याबद्दल कधी कुणाला ब्र काढू दिला नव्हता, कारण त्या डोळ्यावर माझं घर चालतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. म्हणजे होतो. ते पुढे येईलच, घाई नको. मलाही सांगायची फारशी हौस नाही.

निरीक्षकाचं काम म्हटलं तर सोपं. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानात जायचं, तराजूची पारडी रिकामी करायला लावायची आणि काटा शून्यावर उभा राहतो का ते बघायचं. राहिला तर शिक्का, नाही राहिला तर सील. एकतीस वर्षं मी हे केलं. मला बघून दुकानदार लगबगीने पारडी पुसायला लागतात, त्यात जे सुख आहे ते पगारात नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन्ही मला पेटी हातात घेऊन रस्त्यावरच काढायची होती. आमच्याकडे ज्याचं शरीर कुरकुरायला लागतं त्याला नोंदखोलीत बसवतात. नोंदखोलीला खिडकी आहे, पण खिडकीपुढे कपाट आहे.

या डोळ्याचा दुसरा पराक्रम म्हणजे नेमबाजी. खात्याचा रायफल क्लब आहे. छर्ऱ्याच्या रायफली, दर रविवारी सकाळी सराव, आणि वर्षातून एकदा खात्याखात्यांमध्ये ढालीसाठी सामना. चौघांच्या संघात मी एकोणीस वर्षं तिसरा. तिसऱ्या नेमबाजाचं कुणी कौतुक करत नाही, पण त्याला कुणी काढतही नाही. मला एवढंच पुरत होतं.

मग कल्याण समितीला आमचं कल्याण करायची लहर आली आणि रायफलींवर नेम धरायच्या नव्या साईट बसल्या. आत बघितलं की काचेवर एक लाल ठिपका दिसतो. तो लक्ष्यावर आणायचा आणि घोडा दाबायचा. लहान मुलालाही जमेल, असं चिटणीस म्हणाले. मी आत बघितलं. मला ठिपका दिसला नाही. मला दिसला एक लाल फराटा, वर एक शेपूट, बाजूला दोन पिल्लं. यातला नेमका कोणता भाग लक्ष्यावर ठेवायचा हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी शेपूट ठेवलं. शंभरपैकी एकाहत्तर.

पुढच्या रविवारी पिल्लू ठेवून पाहिलं. अडुसष्ट.

"निरीक्षकसाहेब, सामन्याला तीन रविवार आहेत," चिटणीस म्हणाले. "राखीव खेळाडू म्हणून आपल्या टायपिस्टबाई आहेत. त्यांनी आज अठ्ठ्याऐंशी मारले."

"माझी साईट बिघडलेली आहे," मी म्हणालो.

हे चिटणीस म्हणजे काय प्रकरण आहे ते आत्ताच सांगून ठेवतो. रविवारी ते क्लबचे चिटणीस असतात. सोमवार ते शनिवार तेच गृहस्थ आमच्या आस्थापना शाखेचे हेडक्लार्क असतात. बदल्या, रजा, कोण कुठे बसणार, सगळं त्यांच्या हातात. रविवारी ते टोपी घालतात, एवढाच काय तो फरक.

मी साईट रायफलीवरून सोडवली, रीतसर पावती लिहून दिली आणि घरी आणून जेवणाच्या टेबलावर दोन जाड पुस्तकांच्या मध्ये घट्ट बसवली. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. आधी बायकोला बोलावलं.

"गोल ठिपका आहे," ती म्हणाली. "लाल."

"शेपूट?"

"कसलं शेपूट?"

मुलीने डोळा लावायचेही कष्ट घेतले नाहीत. तिने मोबाईल साईटला टेकवला आणि फोटो काढला. फोटोत ठिपका चांगला वाटोळा होता. "बाबा, मोबाईलला बरोबर दिसतंय," ती म्हणाली आणि निघून गेली. या पिढीला दुःखाची फोड करून सांगायची सवय नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे तज्ज्ञ आले. ते तीस वर्षं बँकेत होते, आणि निवृत्त झाल्यापासून कोणत्याही विषयात त्यांना बोलवावं लागत नाही. त्यांनी साईट उचलली, गोल फिरवली आणि मला बघायला लावलं.

"शेपूट फिरलं?"

"नाही. वरच आहे."

"आता साईट राहू द्या. मान तिरकी करा."

मी मान तिरकी केली. शेपूट माझ्याबरोबर तिरकं झालं.

"म्हणजे यंत्र शाबूत आहे, माणूस बिघडलाय," तज्ज्ञ समाधानाने म्हणाले. "सिलिंडरचा नंबर असणार तुम्हाला. बुबुळाला सगळीकडे सारखा बाक नसतो, मग उजेडाचा थेंब असा फाकतो. माझ्या मेहुण्याला आहे. तो तर गाडीही चालवत नाही."

"मी तेच दोन वर्षांपासून सांगतेय," स्वयंपाकघरातून आवाज आला. "खणातला चष्मा घाला."

आता या चष्म्याचं सांगणं आलं. दोन वर्षांपूर्वी बायकोने धरून नेऊन मला एक चष्मा करून दिला होता. तो मी एकदा घातला, तोही घरात. कारण साधं आहे: चष्मेवाला निरीक्षक दारात दिसला की व्यापाऱ्यांना मोकळं रान मिळतं. काट्यावर वाद घालायला लागतात. आमच्या धंद्यात डोळ्याचा धाक लागतो, आणि काचेमागच्या डोळ्याचा धाक कुणाला वाटणार? तेव्हा चष्मा खणात, जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला.

तज्ज्ञांनी दुसरा मार्ग सुचवला. "प्रिझमची साईट घ्या. तिच्यात दिव्याचा ठिपका नसतो, आतल्या काचेवर खूणच कोरलेली असते. कोरलेली रेघ फाकून फाकून किती फाकणार? आणि घ्यायचीच तर पाचपट मोठं दाखवणारी घ्या. चांगली गोष्ट अर्धवट घेऊ नये."

गावाबाहेरच्या रस्त्यावर क्रीडासाहित्याचं एक दुकान आहे. मी गेलो तर तज्ज्ञही आले. दुकानदार कमी बोलणारा होता, त्यामुळे दोघांचंही तज्ज्ञच बोलले. पाचपटीची साईट डोळ्याला लावली तेव्हा रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या तोंडातल्या टाचण्या मोजता आल्या. पण मी श्वास घेतला की शिंपी वर जायचा आणि सोडला की खाली यायचा. माझ्या छातीत इतकी हालचाल चालते हे मला तोवर माहीत नव्हतं. शिवाय डोळा काचेपासून बरोबर तीन बोटांवर ठेवला तरच दिसे; जरा मागे घेतला की सगळं काळं. तिप्पटीच्या साईटमध्ये शिंपी जरा कमी उड्या मारत होता. पण वजन बघता रायफलीवर वरवंटा बांधल्यासारखं झालं असतं.

शेवटी दुकानदाराने स्वतःच एक लहानशी साईट पुढे केली. "ही घ्या. काहीच मोठं करत नाही, आहे तेवढंच दाखवते. दिवा नाही लावला तरी खूण काळी दिसते. मागे कडी आहे, ती डोळ्याप्रमाणे फिरवायची."

आत एक बारीक काळी फुली होती. मी कडी फिरवायला लागलो. आधी आडवी रेघ स्वच्छ झाली आणि उभी पसरली. आणखी फिरवली तर उभी रेखीव झाली आणि आडवी पुसट. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. दोघी एकदम काही उभ्या राहिनात.

"दोन्ही एकदम तुमच्या डोळ्याला जमायच्या नाहीत," दुकानदार म्हणाला. "मधे कुठेतरी तडजोड करा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या माणसाला तडजोड शिकवावी लागत नाही. मी कडी मधे ठेवली. फुली फुलीसारखी दिसली. शेपूट नाही, पिल्लं नाहीत. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले आणि फुली पुन्हा फाकली.

रविवारी मी एक्याण्णव मारले. टायपिस्टबाईंनी स्वतः येऊन हात मिळवला. मी तो निर्विकारपणे मिळवू दिला, जसं काही आमच्याकडे एक्याण्णव रोजच असतात. मग चिटणीस टोपी सावरत आले. त्यांच्या हातात नियमांचं पुस्तक होतं आणि पुस्तकात आधीच बोट घातलेलं होतं.

"हे चालणार नाही. ही दुर्बीण आहे."

"काहीच मोठं दिसत नाही हिच्यातून! तुम्ही बघा."

"मी बघून काय होणार? नियम काय म्हणतो? 'ज्या उपकरणात डोळ्यानुसार जुळवणी करण्याची सोय असेल ते दुर्बीण समजावे.' ही कडी फिरते की नाही?"

"फिरते."

"झालं तर मग." त्यांनी बोट काढून पुस्तक मिटलं. "सवलत आहे म्हणा. डोळ्यात दोष असल्याचा वैद्यकीय दाखला. तीन प्रतींत."

बुधवारी अर्धी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं: घड्याळाच्या तबकडीसारखं, मधून चहूकडे रेघा गेलेल्या.

"काका, कोणत्या रेघा ठळक दिसतात?"

"तीन आणि नऊच्या."

"आणि बारा-सहाची?"

बारा-सहाची रेघ एक नव्हती. दोन होत्या, जरा फिकट, एकमेकींना खेटून. मी तसं सांगितलं, आणि ओघात लाल ठिपक्याचं आणि खणातल्या चष्म्याचंही.

"उभ्या रेघा फाटून दिसतात तुम्हाला," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "मग मेंदू त्यातली एक पकडतो आणि हीच खरी म्हणतो. बरेचदा चुकीची पकडतो. खणातला तो चष्मा घातला असता ना, तर तुमचा तो लाल ठिपकाही गोल दिसला असता. नवी साईट लागलीच नसती."

एरवी या वाक्याने मी आठ दिवस आजारी पडलो असतो. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी बारा-सहाच्या रेघेकडे बघत होतो. शून्यावरचा काटा नेमका तसा उभा असतो.

तीन आठवड्यांपूर्वी मी एका धान्याच्या दुकानाचा तराजू सील केला होता. दुकान एका बाईंचं, एकट्याच चालवतात. काटा मला शून्याच्या उजवीकडे दिसला. "साहेब, मधोमध आहे. जरा नीट बघा," बाई म्हणाल्या होत्या. दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं होती. मला नीट बघायला सांगितलं! मी आवाज चढवून म्हणालो होतो, "बाई, एकतीस वर्षं काटेच बघतोय. तुमचा काटा शून्यावर नाही!" गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी तराजूवर फडकं टाकलं, एवढंच.

घरी आलो तेव्हा खिशात दाखल्याच्या तीन प्रती होत्या आणि जेवण जात नव्हतं. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट उचललं, तेव्हा मी सांगितलं.

"त्या दिवशी घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगत होतात, एका बाईला गप्प केलं म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"त्या बाई सध्या काय विकतात?"

मला माहीत नव्हतं. सील केलेल्या तराजूचा माणूस काय विकतो हे एकतीस वर्षांत मी कधी बघायला गेलो नव्हतो. मला लाज वाटली. अशी लाज मला शाळा सुटल्यापासून वाटली नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवायची तेही कळेना. बायकोने खण उघडून किल्ल्यांखालून चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या पेटीवर ठेवला. पुढे एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी सकाळी हेडक्लार्कच्या टेबलापुढे उभा राहिलो. सील उघडायला नमुना क्रमांक सातचा अर्ज लागतो. त्यात कारणाच्या रकान्यात तीन पर्याय छापलेले आहेत: तराजू दुरुस्त केला, तराजू बदलला, व्यापाऱ्याने दोष कबूल केला. मी अर्ज उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"निरीक्षक चुकला, हे कुठे लिहायचं?" मी विचारलं.

हेडक्लार्कनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांनाही चष्मा आहे, आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. "असा पर्याय नसतो," ते म्हणाले.

मी दाखल्याच्या तिन्ही प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी सावकाश वाचल्या. उठून दार लोटून घेतलं. माणूस वाईट नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यामुळे फारच अडचण झाली.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "हा कागद मी रविवारच्या फायलीत ठेवतो. सोमवारच्या फायलीत येऊ देत नाही. तुमची साईट मंजूर, संघात जागा पक्की, बाहेरचं काम चालू. इथं फक्त 'तराजू दुरुस्त केला' वर खूण करा. बाईंचं सील निघतं, विषय संपतो. कुणाचं काय गेलं?"

खरंच, कुणाचं काय जाणार होतं? मी पेन काढलं. सगळं जागच्या जागी राहत होतं: पेटी, रस्ता, रविवार, तिसरा नंबर. फक्त आमच्या दप्तरात कायमचं लिहिलेलं राहणार होतं की बाईंचा काटा खोटा होता आणि त्यांनी तो नंतर गुपचूप नीट करून घेतला.

पेन बराच वेळ हवेत राहिलं. हेडक्लार्कनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या खिडकीपुढे कपाट नाही.

मग मी खिशातून चष्मा काढून घातला. तिन्ही छापील पर्यायांवर काट मारली आणि खाली हाताने लिहिलं: 'तराजू पूर्वीपासून बरोबर. निरीक्षकाच्या उजव्या डोळ्यात दोष. दाखला सोबत जोडला आहे.' अक्षर जरा बरं आलं. चष्म्यामुळे असावं.

"दोन वर्षांत मी तपासलेले सगळे काटे पुन्हा बघावे लागतील," मी म्हणालो.

"ते दुसरं कुणीतरी बघेल," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी उसासा टाकला आणि आदेशाचा कागद पुढे ओढला. "सोमवारपासून नोंदखोली. वाईट वाटून घेऊ नका. साईट मात्र मंजूर."

सामन्याचं म्हणाल तर मी त्या साईटने एकोणनव्वद मारले आणि ढाल रस्तेबांधणी खात्याने नेली. टायपिस्टबाई राखीवच राहिल्या. सरावात त्यांनी पंच्याण्णव मारले होते असं नंतर कळलं. पुढच्या वर्षी तिसऱ्या त्याच. साईट हल्ली तज्ज्ञांकडे असते. ते तिच्यातून समोरच्या इमारतीच्या टाकीवरची कबुतरं बघतात आणि काहीच मोठं दिसत नाही म्हणून मला बोल लावतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी आदेश खिशात घालून मी पेटी उचलली आणि धान्याच्या दुकानात गेलो. माझं बाहेरचं शेवटचं काम. दुकानात बंद पाकिटंच तेवढी मांडलेली होती, सुट्या धान्याची पिंपं झाकलेली. गिऱ्हाईक एकच, एक म्हातारे गृहस्थ, पाकिटावरची तारीख लांब धरून वाचत होते. तराजू फडक्याखाली तसाच.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग चष्म्याकडे. मी फडकं काढलं, सील तोडलं, पारडी पुसली. हो, मीच पुसली. काटा जरा डुलला आणि थांबला. एकच होता, काळा, बारीक, अगदी मधोमध.

"शून्य," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "त्या दिवशी तर पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

मी दाराकडे बघितलं. रस्त्यावरून लोक जात-येत होते. पलीकडच्या दुकानात गर्दी होती, आणि त्यातले दोन-तीन चेहरे माझ्या ओळखीचे होते. त्या दिवशी ते इथेच उभे होते. मी उंबऱ्यापर्यंत गेलो.

"यांचा काटा शून्यावर आहे!" मी ओरडलो. पलीकडची माणसं वळून बघायला लागली.

"आणि तेव्हा?" मागून बाईंनी विचारलं.

"तेव्हाही होता! मला दिसला नाही!"

रस्त्यावर एक सायकल थांबली. मी चष्मा काढून रुमालाने पुसला, कारण आता त्यातूनही सगळं फाकून दिसत होतं. पुन्हा घालून मागे वळलो तर बाईंनी साखरेच्या पिंपावरचं झाकण काढलं होतं. त्यांनी मान थोडी हलवली, मला की स्वतःला ते कळलं नाही, आणि म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "बोला, सुटी किती देऊ?"